स्क्रू मोजलेत, आता ड्रायव्हरही मोजा

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, कृषी भवन, नवी दिल्ली
आणि मोबाइलच्या दुरुस्ती निर्देशांकावर काम करणारे सर्व अधिकारी व तज्ज्ञ

विषय: मोबाइलची दुरुस्ती-योग्यता ठरवताना हार्डवेअर ड्रायव्हरचा सोर्स कोड तपासण्याबाबत

स.न.वि.वि.

वडील एसटीतून निवृत्त झाले त्या वर्षी मी त्यांना एक फोन घेऊन दिला होता. गेल्या वर्षी त्याची बॅटरी फुगली आणि पाठोपाठ काचेला तडा गेला. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात दोन्ही बदलून घेतलं. दुकानदार कामाला पक्का. त्यानं चार्जिंगचं पोर्ट साफ केलं, सैल झालेलं बटण बसवून दिलं आणि वर सांगितलं, "काका, अजून चार वर्षं बघायला नको." वडिलांनी फोन खिशात घातला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मला अजून आठवतं. त्यांना त्या फोनची सवय झाली होती. अक्षरं किती मोठी, कोणतं चित्र कुठे, सगळं बोटांना पाठ होतं.

पंधरा दिवसांनी बँकेच्या अ‍ॅपनं सांगितलं, तुमचं अँड्रॉइड जुनं झालं, यापुढे इथे चालणार नाही. वडिलांनी मला विचारलं, "अरे, आत्ताच तर दुरुस्त करून आणला ना?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे पाहिलं ते आपल्यापुढे ठेवावं, म्हणून हे पत्र लिहितो आहे. उघडं लिहितो आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरातला नाही.

आधी एक गोष्ट मनापासून नोंदवतो. दुरुस्तीचा हक्क हा विषय आपल्या विभागानं उचलून धरला. जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये श्री. भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखाली दुरुस्ती निर्देशांकासाठी समिती बसली आणि मे २०२५ मध्ये तिनं अहवाल दिला. फोन किती सहज उघडतो, स्क्रू कोणते, अवजारं कोणती लागतात, बॅटरी, डिस्प्ले, कॅमेरा, चार्जिंग पोर्ट, माइक, स्पीकर हे सुटे भाग वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती दिली आहे का, हे सगळं त्यात मोजायचं ठरलं आहे. सॉफ्टवेअर अपडेटचा मुद्दाही त्या यादीत आहे. माझी विनंती त्या एका मुद्द्यापुरती आहे.

अपडेट म्हणजे कंपनी किती वर्षं नवी आवृत्ती देणार, असा त्याचा सरळ अर्थ घेतला जातो. पण कंपनी कधी ना कधी थांबणारच. ती थांबल्यावर दुसऱ्या कुणाला तो फोन पुढे चालू ठेवता येईल का? बॅटरीच्या बाबतीत याचं उत्तर 'हो' आहे, म्हणून तर पासोड्या विठोबाजवळ दुकानं चालतात. सॉफ्टवेअरच्या बाबतीत उत्तर जवळजवळ नेहमीच 'नाही' येतं, आणि ते ज्या कारणानं येतं त्याचं नाव बंदिस्त ड्रायव्हर.

ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. फोनमध्ये पडदा, स्पर्श ओळखणारी चिप, कॅमेरा, वायफाय, मोडेम, चित्र काढणारा ग्राफिक्स प्रोसेसर असे कितीतरी भाग असतात. कोणत्या भागाच्या कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहिला की तो काय करतो, हे ज्या प्रोग्रामला ठाऊक असतं तो ड्रायव्हर. तो नसेल तर चिप जागेवर असते, तिला वीज मिळते, पण तिच्याशी बोलायचं कसं हे कुणालाच कळत नाही. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा सगळ्यात आतला गाभा आहे, आणि तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली येतो. फोन विकणाऱ्यानं कर्नलचा पूर्ण सोर्स कोड, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ मजकूर, त्यापासून चालणारा प्रोग्राम बांधायला लागणाऱ्या स्क्रिप्टसकट, फोन घेणाऱ्याला मागेल तेव्हा द्यायलाच हवा, असं त्या परवान्यात स्पष्ट लिहिलं आहे. मग कंपन्या काय करतात? कर्नलमध्ये ड्रायव्हरचा पातळसा भाग ठेवतात आणि खरं शहाणपण कर्नलबाहेरच्या बंद फाइलींमध्ये नेऊन ठेवतात. ग्राफिक्स, कॅमेरा, सेन्सर, बोटाचा ठसा, सगळं तिथे. वडिलांच्या फोनमधला 'व्हेंडर' नावाचा कप्पा उघडून मी मोजलं, तर अशा पाचशेच्या वर फाइली निघाल्या. बाहेरून मुक्त दिसणाऱ्या फोनचं काळीज असं कुलपात असतं.

आता त्या फोनचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण अडचण नेमकी कुठे आहे ते त्यातून दिसेल.

मी दिवसभर सॉफ्टवेअरच्याच कामात असतो, त्यामुळे वाटलं, हे आपल्या हातातलं आहे. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या कर्नलचा सोर्स ठेवलेला होता. उतरवून घेतला आणि सोर्सपासून प्रोग्राम बांधणाऱ्या 'मेक'ची आज्ञा दिली. दोन मिनिटांत काम थांबलं. टच पॅनेलच्या फोल्डरमधली एक फाइल सापडेना. काय काय बांधायचं त्याच्या यादीत, म्हणजे मेकफाइलमध्ये, तिचं नाव होतं, फाइल मात्र त्या गठ्ठ्यात कुठेच नव्हती. ती नसेल तर पुढचं काहीच बांधता येत नाही. कंपनीला मेल केला. आपोआप येणारं उत्तर आलं, त्यात तक्रारीचा क्रमांक होता. आठ दिवसांनी दुसरा मेल आला: तुमची तक्रार बंद करण्यात आली आहे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

मग दुसरी वाट धरली. मूळ लिनक्समध्ये त्या चिपसाठी काही काम जगभरातल्या लोकांनी केलेलं होतं. ते घेतलं, पडद्याची माहिती जुळवली आणि एका शनिवारी रात्री दीडच्या सुमारास त्या काळ्या पडद्यावर बारीक पांढरी अक्षरं सरसर चढू लागली. तो क्षण मी विसरणार नाही. पण बोट फिरवलं तर काही नाही. वर चढून गेलेल्या ओळी मागे जाऊन वाचल्या. टचची चिप तिचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, मागत होती आणि ओळीच्या शेवटी होतं 'एरर -२', म्हणजे फाइल सापडली नाही. जुन्या अँड्रॉइडच्या व्हेंडर कप्प्यात ती फाइल होती, चाळीस केबीच्या आसपासची. उचलून नव्या जागी ठेवली, फोन पुन्हा सुरू केला आणि बोट टेकवताच पडदा जागा झाला.

एवढ्याशा फाइलवर घोडं अडलं होतं. शिवाय ती फाइल मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. तिच्यावर वाटपाचा कसलाही परवाना नाही. त्याच मॉडेलचा फोन असलेला कुणी माझ्याकडे आला तरी 'तुझी तू काढून घे' एवढंच मी म्हणू शकतो.

पुढे मात्र हात टेकले. सिम ओळखलं गेलं, वडिलांचा नंबर लावला, पलीकडे घंटी वाजली, त्यांनी उचलला, आणि दोन्हीकडे शांतता. मोबाइल नेटवर्कशी बोलणाऱ्या मोडेममधला आवाज स्पीकरपर्यंत कोणत्या वाटेनं न्यायचा हे एका वेगळ्या प्रोसेसरमध्ये ठरतं. त्याचं फर्मवेअर बंद, त्याला लागणारे आकड्यांचे तक्ते बंद. कॅमेऱ्याचा पडदा काळाच राहिला. बॅटरीचा आकडा चुकीचा येऊ लागला आणि चार्जिंगला लावल्यावर फोन तापला, तेव्हा मी थांबलो. बॅटरी फुगून वडिलांच्या खिशात काही झालं असतं तर? बिघाड असा कुठलाच नव्हता. माहिती नव्हती, आणि ज्यांच्याकडे होती ते देत नव्हते.

कुणी म्हणेल, जुन्या बंद फाइलीच नव्या कर्नलबरोबर वापरा की. लोकांनी मिळून चालवलेल्या सायनोजेनमॉड आणि त्यानंतरच्या लिनेजओएस या अँड्रॉइडच्या आवृत्त्यांनी वर्षानुवर्षं तेच केलं आहे. जुन्या फोनमधून बंद फाइली काढून नव्या अँड्रॉइडखाली बसवायच्या. सेलफिश आणि उबुंटू टचसारख्या प्रणालींनी तर अँड्रॉइडसाठीचे बंद ड्रायव्हर आपल्या लिनक्सवर चालवायला मधे एक खास थरच बांधला. या लोकांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. पण ही ठिगळं आहेत. लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि दर वेळी आतली मांडणी थोडी बदलते. जो ड्रायव्हर मूळ लिनक्सच्या सोर्समध्येच असतो, त्याच्यात मांडणी बदलणारा माणूस स्वतःच योग्य तो बदल करून ठेवतो. जो बाहेर असतो, त्याला विचारणारं कुणी नसतं. म्हणून बंद फाइली फोनला त्याच्या जन्माच्या वेळच्या कर्नलशी बांधून ठेवतात. गूगलनं २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर व्हेंडरचा भाग वेगळा काढला, त्यानं वरचे मजले बदलणं सोपं झालं. पाया मात्र जुनाच राहतो, आणि सुरक्षेची बरीच भोकं त्या जुन्या कर्नलमध्येच असतात.

आपल्या निर्देशांकाच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं उदाहरण नेदरलँड्समधल्या फेअरफोनचं आहे. ते जरा सावकाश सांगतो, कारण आपण जी परीक्षा आखता आहात तशाच एका परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवूनही फोन कसा अडतो ते त्यात आहे.

फोन टिकावा, ग्राहकाला घरी उघडता यावा, या एका ध्यासानं ही कंपनी उभी राहिली. तिचा पहिला फोन २०१३ चा, मीडियाटेकच्या चिपवर. सुटे भाग ती विकत होती, पण चिपचा पुरेसा कोड हाती नसल्यानं अँड्रॉइड ४.२ च्या पुढे जाणं तिला जमलं नाही, आणि २०१७ मध्ये तिला त्या फोनचा पाठिंबा थांबवावा लागला. दुसरा फोन २०१५ चा. पडदा हातानं निघायचा, कॅमेरा-स्पीकर स्क्रूड्रायव्हरनं बदलता यायचे. आयफिक्सिट ही संस्था फोन उघडून गुण देते. तिच्याकडून १० पैकी १० मिळवणारा हा पहिला स्मार्टफोन. आणि त्याचं झालं काय? आतली स्नॅपड्रॅगन ८०१ ही चिप. ती बनवणाऱ्या क्वालकॉमनं अँड्रॉइड ६ नंतर तिचा पाठिंबा काढून घेतला. फेअरफोनच्या छोट्याशा टीमनं लिनेजओएसच्या लोकांच्या मदतीनं ७, मग ९, मग १० अशा आवृत्त्या अक्षरशः ओढत आणल्या. मार्च २०२३ मध्ये त्यांनाही थांबावं लागलं. सात वर्षं फोन चालवला याचं जगभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं, पण मला त्यात दुसरंच दिसतं. ज्या कंपनीला मनापासून फोन टिकवायचा होता, जिनं स्क्रू, बॅटरी, पडदा सगळं मोकळं ठेवलं, तिचंही चिपपुढे काही चाललं नाही. २०२३ च्या फेअरफोन ५ साठी त्यांनी फोनची नेहमीची चिप सोडून क्वालकॉमची कारखान्यांतल्या यंत्रांसाठीची चिप निवडली, कारण तिला जास्त वर्षं पाठिंबा मिळतो. धोरण ठरवणाऱ्यांनी या निवडीवर जरूर विचार करावा. फोन बनवणारा कितीही सज्जन असला तरी किल्ली चिपवाल्याच्या हातात असते.

असे मोबाइल बनवणारे, ज्यांना सगळंच खुलं हवं होतं, त्यांचीही हीच कथा. २००७-०८ च्या सुमारास ओपनमोकोचे निओ फोन आले, २०१९ च्या अखेरीपासून लिब्रेम ५ आणि पाईनफोन. लिब्रेममध्ये मोडेम वेगळ्या कार्डावर ठेवला आहे आणि कॅमेरा, माइक, वायफाय बंद करायला बाहेर खरीखुरी बटणं आहेत. पाईनफोनमधला मोडेम तर स्वतःच एक छोटा संगणक आहे, त्याच्या आत स्वतंत्र लिनक्स चालतं. लोकांनी तो थर उलगडून बदलूनही टाकला, पण रेडिओचा भाग आजही बंद आणि सही-शिक्क्यानिशी कुलूपबंद आहे. ज्यांचं ध्येयच खुलेपणा आहे त्यांनाही बाजारात पूर्ण खुली चिप मिळत नाही.

तरीही पाईनफोनच्या पडद्यावर चित्र उमटतं, आणि ते कुणामुळे उमटतं हे मला इथे सांगायचंच आहे. त्यातला ग्राफिक्स प्रोसेसर आर्म या चिपची रचना करणाऱ्या कंपनीचा माली-४००. लुक फेरहेगन यांनी २०१२ मध्ये 'लिमा' या नावानं त्यासाठी खुला ड्रायव्हर लिहिण्याचं काम लोकांपुढे मांडलं. त्याच वर्षी रॉब क्लार्क यांनी क्वालकॉमच्या अ‍ॅड्रेनो या ग्राफिक्स प्रोसेसरसाठी 'फ्रीड्रिनो' सुरू केलं. नंतर अ‍ॅलिसा रोझेनझ्वाइग यांनी विद्यार्थिदशेतच नव्या मालींसाठी 'पॅनफ्रॉस्ट' हाती घेतलं. यांच्यापैकी कुणालाही सुरुवातीला चिपचं माहितीपुस्तक मिळालेलं नव्हतं. काम कसं चालतं बघा. बंद ड्रायव्हरकडून एक त्रिकोण काढून घ्यायचा आणि त्यानं चिपला काय आज्ञा पाठवल्या त्या मेमरीतून टिपायच्या. मग त्रिकोणाचा रंग बदलायचा, पुन्हा टिपायच्या, कोणता आकडा बदलला ते बघायचं. असं हजारो वेळा. लिमा आणि पॅनफ्रॉस्ट २०१९ मध्ये लिनक्स ५.२ मध्ये दाखल झाले. जे ज्ञान कंपनीच्या कपाटात आधीपासून लिहिलेलं होतं, ते पुन्हा शोधायला बुद्धिमान माणसांची वर्षंच्या वर्षं गेली. हे आठवलं की मला फार वाईट वाटतं.

सुरक्षेचा मुद्दा थोडक्यात. २०१७ मध्ये ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपमधल्या फर्मवेअरमध्ये 'ब्रॉडपोन' नावानं ओळखली गेलेली चूक सापडली. मालकानं कुठेही बोट न लावता, केवळ वायफायच्या टप्प्यात आहे एवढ्यावर त्या चिपमध्ये शिरता येत होतं. गूगल आणि अ‍ॅपलनं जुलै २०१७ मध्ये दुरुस्ती पाठवली. ज्या फोनांचे अपडेट तोवर थांबले होते, त्यांच्या मालकांनी काय करायचं होतं? फर्मवेअर बंद, म्हणून दुसरं कुणी दुरुस्त करू शकत नाही. वडिलांसारखी माणसं त्या फोनवर पेन्शन बघतात, पैसे पाठवतात.

आपल्यापुढे कंपन्या काय म्हणतील याची मला कल्पना आहे. ड्रायव्हरमध्ये आमची गुपितं आहेत, पेटंट आहेत, स्पर्धक नक्कल करतील. यावर वाद घालण्यापेक्षा घडलेलं सांगतो. एएमडीनं २००७ पासून आपल्या ग्राफिक्स चिपची माहितीपत्रकं खुली करायला सुरुवात केली. ती कंपनी आज कुठे आहे ते सगळ्यांसमोर आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकातल्या ग्राफिक्सची माहिती ब्रॉडकॉमनं फेब्रुवारी २०१४ मध्ये उघड केली. पॉवरव्हीआर हे ग्राफिक्स प्रोसेसर बनवणाऱ्या इमॅजिनेशनचं नाव तर बंदपणासाठी बदनाम होतं. पॉवरव्हीआरवरच चालणारा नोकियाचा एन९०० ज्यांनी जपून ठेवला आहे त्यांना ते विचारा. त्याच इमॅजिनेशननं २०२२ मध्ये स्वतःहून खुला ड्रायव्हर 'मेसा' या खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या प्रकल्पात आणला. आर्मही आता पॅनफ्रॉस्टच्या कामात मदत करते. यांपैकी कुणाचं दुकान बंद पडलं नाही. मोडेमच्या रेडिओचा कोड उघडा करा, असं मी म्हणत नाही. लहरींवर नियम आहेत, त्याची मला जाण आहे. पण ते फर्मवेअर जसंच्या तसं वाटण्याची परवानगी द्यायला, आणि त्याच्याशी बोलणारी कर्नलची बाजू खुली ठेवायला, कोणता नियम आडवा येतो?

चिपवाल्यांनी मनावर घेतलं तर काय होतं, याचा पुरावा आपल्या देशातच पुष्कळांच्या कपाटात पडून असेल. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीत पोको एफ१ हा फोन २०,९९९ रुपयांना बाजारात आला. कंपनीकडून मिळालेली शेवटची आवृत्ती अँड्रॉइड १०. पण त्यातल्या स्नॅपड्रॅगन ८४५ चं बरंचसं काम क्वालकॉमच्या आणि आर्म चिपसाठी लिनक्सवर काम करणाऱ्या लिनारो या संस्थेच्या इंजिनिअरांनी मूळ लिनक्समध्ये नेलं होतं. म्हणून आजही त्या फोनवर जुन्या फोनसाठीची पोस्टमार्केटओएस ही खुली प्रणाली टाकून ताजं लिनक्स चालवता येतं. कॅमेऱ्यासारख्या काही बाबी अपुऱ्या आहेत आणि फर्मवेअरच्या फाइलींचं दुखणं तिथेही आहेच, पण फोन जिवंत आहे. त्याच वर्षी विकले गेलेले, दुसऱ्या चिपचे किती फोन आज पेपरवेट झाले असतील! फोनला दहा वर्षं आयुष्य मिळावं हे पोस्टमार्केटओएसवाल्यांनी २०१७ मध्येच ठरवलं होतं. तेव्हा ते स्वप्न वाटत होतं. एवढ्या एका चिपपुरतं तरी ते आता आवाक्यात दिसतं.

आणि हा केवळ खासगी ग्राहकाचा प्रश्न नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते, ते आपल्या स्मरणात असेल. फोन तापतात, अडकतात, रॅम दोन जीबी, वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या तुटपुंज्या मानधनातून करायचा. त्यांच्या तक्रारींमध्ये ड्रायव्हर हा शब्द नव्हता, असायचं कारणही नव्हतं. पण मी ती बातमी वाचली तेव्हा मनात आलं, त्या फोनचे ड्रायव्हर खुले असते तर एखाद्या सरकारी टीमला, किंवा एखाद्या अभियांत्रिकी कॉलेजच्या मुलांना, त्यावर हलकी, फक्त पोषण आहाराच्या नोंदींपुरती प्रणाली बसवून बघता आली असती. जमलं असतं की नसतं, ते करून पाहिल्यावर कळलं असतं. एकाच मॉडेलचे एवढे फोन एका मालकाच्या हाती होते, आणि तो मालक म्हणजे सरकार होतं. तरीही प्रयत्न करून पाहायची वाट मुळातच बंद होती.

केंद्र सरकारचं २०१५ चं मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण आहे. ते सरकारी प्रणालींसाठी आहे. सरकारनं विकत घेतलेल्या फोन-टॅबच्या ड्रायव्हरपर्यंत ते पोचावं, ही मागणी माझ्या मते त्या धोरणाच्या पोटातलीच आहे. निविदेत एक कलम घातलं तरी पुष्कळ होईल: पाठिंबा संपेल त्या दिवशी ड्रायव्हरचा सोर्स किंवा चिपची माहितीपत्रकं सरकारच्या हाती द्यायची, फर्मवेअर वाटायची परवानगी द्यायची, बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कोणती प्रणाली चालू द्यायची हे ठरवणारं कुलूप, उघडायचा. लाखांनी खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाला हे मागता येतं. मला एका फोनच्या मेलवर मागता आलं नाही.

युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून फोन-टॅबसाठी नियम लावला: मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट. चांगलं पाऊल आहे, आपणही असं काही करालच. पण पाच वर्षं संपल्यावर सहाव्या वर्षी काय, हा प्रश्न तिथेही उरलाच आहे. तिथे भारताला पुढे जाता येईल.

आता माझी नेमकी विनंती. निर्देशांकासाठी फोन तपासताना तज्ज्ञ तो उघडतील, किती पायऱ्या लागल्या, कोणतं अवजार लागलं, हे टिपतील. त्याच टेबलावर एक साधा संगणकही असावा. कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा सोर्स उतरवावा, मेकची आज्ञा द्यावी, तयार झालेला कर्नल त्याच फोनमध्ये घालावा आणि फोन सुरू होतो का ते पाहावं. पडदा लागला का, टच चालतो का, फोन लावून दोन्हीकडे आवाज येतो का. त्यासाठी किती बंद फाइली लागल्या आणि त्या वाटायची परवानगी आहे का, तेही मोजावं. यातल्या कर्नलच्या सोर्सला तर नवा कायदाही नको, परवान्यानंच ते बंधन घातलं आहे. जो फोन यात उतरेल त्याला गुण द्यावेत, जो उतरणार नाही त्याचे कापावेत, आणि निर्देशांकाच्या पट्टीवर ग्राहकाला ते वेगळं दिसावं. दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला ड्रायव्हर म्हणजे काय हे कळायची गरज नाही. पाठिंबा संपल्यावर हा फोन दुसऱ्या कुणाला चालवता येईल की नाही, एवढं एका ओळीत कळलं तरी तो विचार करेल. गुण कमी पडले की फोनवाला चिपवाल्याला जाब विचारेल. फेअरफोनला एकट्याला जे जमलं नाही, ते भारताच्या बाजारपेठेच्या वजनानं होऊ शकेल.

ही परीक्षा अवघड वाटत असेल, तिला फार वेळ लागेल असं कुणी सांगत असेल, तर मी वडिलांचा फोन घेऊन कृषी भवनात यायला तयार आहे. नवी बॅटरी, नवी काच, साफ केलेलं पोर्ट, सगळं जागच्या जागी आहे. कंपनीनं साइटवर ठेवलेला सोर्सचा गठ्ठाही बरोबर आणीन. कंपनीच्या प्रतिनिधीला आपण बोलवावं, आणि ती न सापडणारी फाइल कुठे आहे एवढं त्यांना माझ्यासमोर विचारावं.

आपला नम्र,
पुण्यातला एक ग्राहक